डोह सिपनाचा, सुट्टी तुमची

तारीख निवडताना घाई करू नका. मेळघाटात मासे धरायला जायचं तर डिसेंबर १९३५ घ्या. पावसाळा सरता सरता गेलात तर हिवताप लोळवेल आणि मार्च उलटल्यावर गेलात तर नदी जागोजाग तुटलेली असेल. डिसेंबरात पाणी निवळलेलं असतं, डोह भरलेले असतात. शिवाय नाताळात कोर्ट बंद, त्यामुळे अकोल्याच्या एखाद्या मध्यम चालीच्या वकिलाला थोडे दिवस गायब होता येतं. तो वकील म्हणजे तुम्ही.

पुढचं एखादं वर्ष घेतलं तर? थोडं पुढचं चालेल, फार पुढचं नाही. १९६७ मध्ये मेळघाट अभयारण्य होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचं नाव येतं आणि मग तिथल्या सिपना नदीत गळ टाकणाऱ्यावर खटला भरतात. कॅनडात किंवा नॉर्वेत आजही लोक पैसे मोजून उत्तरेकडच्या रानातल्या लाकडी बंगल्यात उतरतात आणि दिवसभर सामन माशाच्या मागे असतात. वऱ्हाडच्या उत्तरेकडच्या रानात तशी सुट्टी घालवायची असेल तर काळात मागे जाण्यावाचून वाट नाही.

धोतर, बंद गळ्याचा लांब कोट आणि काळी टोपी घाला. खिशात पंचम जॉर्जच्या छापाचे रुपये असू द्या, पण त्याहून जास्त आण्यांची मोड ठेवा. जंगलात रुपया मोडून देणारा भेटत नाही. पोस्टात क्विनाइनच्या पुड्या मिळतात, त्या घ्या. दोन जाड वाकळी घ्या, कारण सातपुड्यातली पहाट दात वाजवते. मोबाइल घरीच राहू द्या.

एक पथ्य मात्र सांभाळा. पुढे काय होणार ते तोंडातून निघता कामा नये. ज्या राजाच्या छापाचे रुपये तुम्ही मोजता आहात तो पुढच्या महिन्यात मरणार आहे, हे कुणाला सांगून उपयोग नाही. पुढच्याच वर्षी निजामाचा थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ होणार आहे, हेही मनातच ठेवा. वऱ्हाड कागदावर अजून निजामाचं आहे आणि कारभार इंग्रजांचा. ही गुंतागुंत वकील म्हणून तुम्हाला ठाऊक असायलाच हवी.

मूर्तिजापूर ते अचलपूर

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरलात की पलीकडच्या रुळांकडे बघून हसू येईल. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. जिला आज सगळे शकुंतला म्हणतात ती ही गाडी. १९१३ पासून ती मूर्तिजापूरहून अचलपूरला जाते. मालकी किलिक-निक्सनने उभ्या केलेल्या कंपनीची. तिकिटावर मात्र गाव ‘एलिचपूर’ आहे. डब्यात बाकं लाकडाची, खिडकीतून कोळशाचे कण आत येतात, आणि फलाटावर माणसांपेक्षा कापसाच्या गाठी जास्त. ही लाइन टाकली ती कापूस मुंबईकडे न्यायला. माणसांना जागा मिळते ती उरलेली.

गाडी पूर्णा नदी ओलांडते आणि दोन्ही बाजूंना काळी, सपाट, भेगाळलेली जमीन पसरते. हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. समोर बसलेला दर्यापूरचा कास्तकार तुमच्यासमोर हुरड्याचं फडकं उघडतो. कणसं सकाळीच भाजलेली, सोबत तिळाची चटणी. नाही म्हणू नका. गप्पा आधी कापसाच्या भावावरून सुरू होतात आणि दहिहंड्यावर येतात. याच खाऱ्या पट्ट्यातल्या दहिहंड्याला एप्रिल १९३० मध्ये विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. त्याच वर्षी जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले.

“गवत कापलं म्हून जेल!” कास्तकार हसतो. “वकीलसाहेब, गवत कोनाचं असते हो?”

तुम्ही कोर्टात देता तसं उत्तर देऊ पाहता आणि जीभ अडते. राखीव जंगलातलं गवत सरकारचं. त्याच जंगलातल्या नदीतल्या माशाचं काय, हा प्रश्न तुमच्या डोक्यात अजून आलेला नाही. तुमच्या ट्रंकेत परवान्याचा कागद आहे, म्हणून तो यायचं कारणही नव्हतं.

अंजनगावला पानमळ्यांचा ओला वास डब्यात शिरतो. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडल्यानंतर शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथेच, सुर्जी-अंजनगावात. पथ्रोट मागे पडतं तेव्हा उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत उभी राहिलेली असते. सकाळपासून सपाटीला सवकलेले डोळे तिच्यावर अडकतात.

परतवाड्याहून वर

रात्र परतवाड्यात काढा. गावात कापलेल्या सागाचा वास आहे. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती. तिची फौज गेली तरी गावाच्या रस्त्यांची आखणी तीच राहिली. बाजारातून आंबिया बहाराची संत्री घ्या. जंगलात फळ म्हणून तेवढंच मिळेल. पहाटे दमणी दाराशी येते. बैल तयार आहेत, गाडीवान घाईत आहे.

“बसा बाप्पा. ऊन चढाच्या आंधी घाट लागला पायजे.”

तुमची लांब पिशवी तो हातात तोलून बघतो. आत तीन तुकड्यांची, चिरलेल्या बांबूची काठी आहे, इंग्लंडात ॲल्निकच्या हार्डी कंपनीने केलेली. कुण्या निवृत्त साहेबाच्या लिलावात तुम्ही ती घेतली होती. पितळी रीळ आणि रेशमी दोर सोबत आहे. हे सगळं मासे धरायला, असं सांगितल्यावर गाडीवान बैलांकडे बघून बोलतो.

“मासोया धराले इतक्या लांब जाऊन रायले? आमच्या गावच्या नदीत काय कमी हायेत राजेहो? बाजारात आन्या-दोन आन्यात भेटते.”

बाजारात मिळते ती गोष्ट मिळवायला इतके पैसे, इतके दिवस आणि इतके लोक कशाला लागतात, हे त्याला कसं समजवायचं? तुम्ही ‘हवापालट’ म्हणता. तो मान डोलावतो. हवापालट डॉक्टर सांगतात, म्हणजे तुम्ही आजारी असणार, असं त्याने धरलेलं आहे. त्यानंतर तो खड्डे चुकवून गाडी हाकतो.

घाटात चढताना समोरून सागाचे ओंडके लादलेल्या गाड्या उतरत असतात. त्यांना वाट द्यावी लागते. घटांगच्या पुढे जंगल दाट होतं. साग, ऐन, धावडा, तिवस आणि उतारांवर बांबूची बेटं. गवतातून चाक गेलं की तिखाडीचा झणझणीत वास उठतो. एक मुक्काम घटांगला होतो आणि दुसरा सेमाडोहला. सेमाडोहला पहिल्यांदा सिपना नीट दिसते. रात्री गाडीवान बैलांभोवती तीन शेकोट्या पेटवतो आणि स्वतः गाडीखाली झोपतो. पलीकडच्या टेकडीवरून एक खोल, ओढलेला आवाज येतो तेव्हा बैल एकदम उभे राहतात. तुम्हाला कुणी काही सांगायची गरज पडत नाही.

बंगला

बंगला सिपनाच्या वळणावर, उंचवट्यावर आहे. आज कोलकास म्हणून पर्यटक ओळखतात त्याच भागात. उंच जोतं, कौलं, तिन्ही बाजूंना पडवी. आत लोखंडी खाटा, लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि छताला पंखा ओढायच्या कड्या. भिंतीवर जंगलाच्या ब्लॉकांचा नकाशा. मेजावर जाड पुठ्ठ्याची पाहुण्यांची वही आहे. तिच्यात नाव, हुद्दा, आल्याची तारीख, गेल्याची तारीख आणि शेरा. शेऱ्यात बहुतेकांनी शिकार लिहिली आहे. वाघ अमुक फूट, सांबराची शिंगं अमुक इंच, मासा अमुक पौंड.

चौकीदारच खानसामा आहे. तो गंगाळात पाणी तापवतो, कंदिलांच्या काचा राखेने घासतो आणि संध्याकाळी आपण होऊन तुमचा रेशमी दोर पडवीच्या खांबांभोवती गुंडाळून वाळत घालतो. हा दोर ओला ठेवला तर कुजतो. साहेबांनी त्याला हे शिकवलेलं आहे.

पाणी मात्र तो आणत नाही. नदीवरून घडे भरून आणणारे, लाकडं फोडणारे आणि तुमचं सामान उतरवणारे कोरकू आदिवासी आहेत. ते पलीकडच्या वनग्रामातले. जंगलखात्याने वसवलेल्या या गावांची अट अशी, की घराला आणि शेताच्या तुकड्याला जागा मिळते, पण खातं बोलावेल तेव्हा ठरल्या दराने कामाला यायचं. रस्ता करायचा, वणवा विझवायचा, आणि पाहुणा आला की त्याचीही उस्तवार करायची. तुम्ही आलात म्हणून आज दोन घरांचं शेतातलं काम थांबलेलं आहे. सकाळच्या चहाच्या वेळी हे तुम्हाला कुणी सांगत नाही. तुम्हीही विचारत नाही.

रेंजर संध्याकाळी भेटायला येतो. सज्जन माणूस, नागपूरकडचा, कामात चोख. तो परवाना बघतो आणि परत देतो. “मासे भरपूर आहेत साहेब. माणूस देतो सोबत. या डोहाचं पान-पान त्याला ठाऊक आहे.”

डोहावर

तो माणूस म्हणजे साठी उलटलेला एक कोरकू म्हातारा. कमरेला पंचा, अंगावर एक फाटकं कांबळं. पहाटे तो पायऱ्यांपाशी उकिडवा बसून तुमची वाट बघत असतो. काठी जोडण्याची तुमची खटपट तो निमूट बघतो.

डोह खडकांच्या दोन भिंतींमध्ये आहे. वरच्या अंगाला पाणी खडखडत उतरतं, मध्यावर हिरवं आणि स्थिर होतं, खालच्या अंगाला पुन्हा गोट्यांवरून पळतं. काठावर अर्जुन, करंज, जांभूळ. पाण्यावर वाकलेलं एक उंबर. पाणी इतकं निवळ की तळाचे दगड मोजावेत.

तुम्ही पुस्तक वाचून आला आहात. एच. एस. थॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ छापलं. गळाच्या छंदात बुडालेल्या साहेबांची ती पोथी. महासीर हा मासा जोरात सामनलाही मागे टाकतो, असं त्याचं म्हणणं. गळाला चकाकणारा धातूचा चमचा लावा, तो पाण्यात फिरत ओढा, लहान मासा समजून महासीर झडप घालेल. सातपुड्यातल्या नर्मदा आणि तापीच्या पाण्यात हा मासा आहे आणि सिपना तापीलाच मिळते. पावसाळ्यात तो पुराविरुद्ध वर चढतो, गोट्यांच्या तळावर अंडी घालतो आणि पाणी उतरू लागलं की खोल डोहांत परततो. म्हणून डिसेंबर.

सकाळभर तुम्ही चमचा फेकता आणि ओढता. मासे दिसतात. चार-पाच लांब सावल्या तळाशी तोंड प्रवाहाकडे करून उभ्या आहेत. चमचा जवळून जातो तेव्हा त्या वीतभर बाजूला सरतात आणि पुन्हा जागेवर येतात.

“छाया पानी में मत डालो, साहेब,” म्हातारा म्हणतो.

तुम्ही बसता. तो चमचा हातात घेतो, उन्हात फिरवून बघतो आणि अगदी जपून तुमच्या पेटीत ठेवून देतो. मग वाकलेल्या उंबराखाली जाऊन फळं चाचपतो. अर्धवट पिकलेलं एक गळाला लावतो. फांदीच्या बरोबर खाली, पिकलं फळ आपोआप पडतं तसं ते पाण्यात पडलं पाहिजे, एवढंच तो हाताने दाखवतो. महासीर गळालेल्या उंबरांवर टपून असतो हे थॉमसनेही लिहिलं आहे. तुम्ही ते पान उलटून चमच्यांच्या चित्रांकडे गेला होतात. म्हाताऱ्याने थॉमस वाचलेला नाही. त्याने उंबर बघितलेलं आहे.

फळ पडतं. टुप.

खालून एक सावली तिरपी वर येते. पाणी फुगतं. आणि रीळ किंचाळू लागतं.

पुस्तकातली पहिली धाव काय असते ते आता कळतं. दोर हातातून नव्हे, खांद्यातून ओढला जातोय. तीस हात, चाळीस हात. तुम्ही खडकावरून धावता, टोपी जाते, जोडा घसरतो. मासा डोहाच्या खालच्या अंगाला एका काळ्या दगडामागे जातो आणि दोर तिथे अडकतो. ओढलात तर तुटेल. ढिला सोडलात तर मासा गळ झटकेल. महासीरच्या ओठांत दात नसतात, ते घशात असतात, आणि तिथे सापडलेला गळ तो चेपून टाकतो.

म्हातारा कांबळं काढून ठेवतो आणि पाण्यात उतरतो. डिसेंबरातल्या सकाळच्या पाण्यात, छातीपर्यंत. तो दगडाला वळसा घालतो, पायाच्या बोटांनी दोर शोधतो, उचलतो, सोडवतो. रीळ पुन्हा किंचाळतं, पण या वेळी धाव लहान असते. आणखी दोन धावा होतात. मग मासा कुशीवर होतो आणि म्हातारा कल्ल्यांत बोटं घालून त्याला गोट्यांवर आणतो.

पाठ हिरवट काळी, कूस सोनेरी, पर लालसर. एकेक खवला रुपयाएवढा. तुमच्याजवळच्या काट्यावर वजन भरतं सहा शेरांच्या थोडं वर. हात थरथरतायत आणि तुम्ही लहान मुलासारखे हसताय. या आनंदात खोट नाही. शंभर मैलांचा धक्का खाऊन माणसं यासाठीच येतात आणि जगात जिथे जिथे माणसं गळ टाकायला लांबच्या पाण्यावर जातात तिथे याचसाठी जातात. म्हाताराही हसतोय. त्याचे ओठ निळे पडलेत.

शेकोटीपाशी

खानसामा करडईच्या तेलात मासा तळतो, लसूण आणि वऱ्हाडी तिखट चोळून. सोबत ज्वारीची भाकरी. रेंजर पाहुणा म्हणून जेवायला आहे. म्हाताऱ्याला माशाचं डोकं आणि चार आणे मिळालेत. तो पायऱ्यांखाली शेकोटीपाशी बसून डोकं निखाऱ्यावर भाजतोय. तुम्ही पान उचलून त्याच्याजवळ जाऊन बसता. रेंजरला हे आवडत नाही, पण तोही खुर्ची घेऊन खाली येतो.

तुम्ही सहज विचारता, तुमच्या गावात मासे कसे धरतात?

म्हातारा आधी रेंजरकडे बघतो. मग सांगतो. बांबूच्या कामट्यांची निमुळती टोपली करून गोट्यांच्या बांधाच्या तोंडाशी लावायची. रात्रीत मासे आत येतात, वाम आणि झिंगेही सापडतात. आणि उन्हाळ्यात नदी तुटली, धान्याच्या कणग्या रिकाम्या झाल्या, की सगळं गाव एका डोहावर जमायचं. साल आणि फळं कुटून पाण्यात टाकायची. मासे गुंगून वर येतात.

“पूरा गाव खाता था. चार दिन.”

“आणि त्या डोहात पुढची दोन वर्षं काही उरत नसे,” रेंजर म्हणतो. “बोटाएवढी पिल्लंसुद्धा मरतात, साहेब. हे थांबवायलाच हवं होतं.”

त्याचं म्हणणं खोटं नाही. विष मोठा-लहान ओळखत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९७ च्या फिशरीज कायद्याने पाण्यात सुरुंग लावणं आणि विष कालवणं हा गुन्हा केला, तो याच कारणाने. पण तुम्ही वकील आहात आणि तुम्हाला १९२७ चा वनकायदाही पाठ आहे. त्याचं २६ वं कलम राखीव जंगलात काय काय करू नये याची यादी देतं. नियमांविरुद्ध शिकार करणं, बंदूक चालवणं, मासे धरणं, पाणी विषारी करणं, सापळे आणि फासे लावणं, सगळं एका दमात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. वऱ्हाडात कायदे वेगळ्या हुकमाने लागू होतात, पण जंगलखात्याची नजर तीच. त्या यादीत गुंगवलेला डोह आहे आणि कामट्यांची टोपलीही आहे. टोपली तर पिल्लं मारत नाही. तुमच्या हार्डीच्या काठीला तेवढी वाट आहे, कारण तिच्याबरोबर कागद येतो.

“मग परवाना काढून धर ना मासे,” रेंजर म्हाताऱ्याला म्हणतो. “कोण अडवतंय?”

“परवाना कहाँ मिलता?”

“खाली. कचेरीत.”

म्हातारा डोक्यातलं एक हाड चोखतो, बाजूला ठेवतो, आणि मनापासून हसतो. दोन दिवसांची वाट, दोन दिवसांची मजुरी आणि अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे, एका जेवणासाठी. गाडीवानाचा हिशोब आणि याचा हिशोब एकाच अंगाने जातो. मासा ज्याचं पोट भरतो त्याला परवाना परवडत नाही. आणि ज्याला परवडतो त्याला मासा नाही मिळाला तरी चालतं.

आज सकाळी तुम्ही मारलेला मासा अंड्यांच्या वयाची, जाणती मादी होती. हे रेंजर बोलत नाही. बंगल्यावरच्या पाहुण्याला असं बोलत नसतात.

तुम्हालाच ठाऊक असलेलं

दुसऱ्या दिवशी मासा नाही. उन्हं चांगली वर आल्यावर सागाच्या एका वाळक्या फांदीवर ठेंगणी, जाड डोक्याची घुबडासारखी चिमणी आकृती बसलेली दिसते. दिवसाढवळ्या. शेपटी हलवत ती खालच्या गवतात सरड्यावर डोळा ठेवून आहे. तुमच्या अंगावर काटा येतो. हा रानपिंगळा. १८८४ नंतर याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळालेला नाही आणि जाणकार त्याला गेल्यात जमा धरू लागतील. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडेल आणि मेळघाटातही त्याचा पत्ता लागेल. तोवर तो इथेच होता. म्हाताऱ्याला तुम्ही बोटाने दाखवता. तो ‘हो’ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. रोज दिसणाऱ्या पक्ष्यापाशी कुणी थांबत नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा एकटा असतो. रेंजर दौऱ्यावर गेलाय. तुम्ही वकील आहात हे त्याला आता कळलं आहे, आणि वकील भेटला की माणूस विचारतो तेच तो विचारतो.

“कायदा बदलेगा क्या?”

पथ्य मोडायची वेळ आली तर हीच. तुम्ही ‘बदलेल’ म्हणता.

“कब?”

२००६ मध्ये. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाण्यातली इतर उपज हे शब्द लिहिलेले असतील. इथून खाली अचलपूर तालुक्यातलं पायविहीर गाव याच कायद्याखाली आपला सामूहिक हक्क मिळवेल आणि ओसाड टेकडी पुन्हा हिरवी करेल. म्हणजे एकाहत्तर वर्षं. आकडा सांगता येत नाही, म्हणून तुम्ही म्हणता, तुझ्या नातवाच्या मुलाला.

म्हातारा डोहाकडे बघतो. “तब तक मछली रुकेगी क्या?”

याचं उत्तरही तुमच्याजवळ आहे आणि ते तुम्ही देत नाही. मासे थांबले. हलवली ती माणसं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली गावं एकेक करून खाली उतरवली गेली. पहिली बोरी, कोहा आणि कुंड, या शतकाच्या सुरुवातीला, अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्याच्या सपाटीवर. कुणाला शेत मिळालं, कुणाला पैसे. शाळा आणि रस्ता जवळ आला, काहींना ते हवंही होतं. पण तुम्ही अकोल्याहून डोहावर सुट्टीला आलात आणि डोहावरची माणसं अकोल्याकडे राहायला गेली. वाघासाठी रान राखायला हवं होतं, हे खरं. वाघाच्या घरात मासे धरू नयेत, हेही खरं. फक्त या डोहाने दोन बंद्या पाहिल्या. पहिलीच्या वेळी पाहुण्याला सूट होती आणि दुसरीच्या वेळी कुणालाच नाही. दोन्ही वेळा काय ते सोडायला लागलं ते म्हाताऱ्याच्या घराला.

शेरा

निघायच्या सकाळी चौकीदार पाहुण्यांची वही पुढे सरकवतो. नाव, हुद्दा, तारखा तुम्ही भरता. शेऱ्याच्या रकान्यात आधीच्या साहेबाची ओळ आहे. मासा अमुक पौंड, स्वतः धरला, चमच्यावर.

तुम्ही लिहिता, “महासीर, सहा शेर. आमिष उंबराचं.” मग म्हाताऱ्याला हाक मारून नाव विचारता. तो सांगतो. तुम्ही पुढे लिहिता, “मासा कुठे आहे ते दाखवलं, दोर सोडवला आणि मासा काठावर आणला तो” आणि त्याचं नाव, त्याचं गाव.

रेंजर दौऱ्यावरून परतलाय. तो खांद्यावरून वाचतो. रागावत नाही, अडखळतो.

“साहेब, या वहीत फक्त पाहुण्यांची नावं लिहायची असतात.”

“म्हणूनच माझं वर लिहिलंय,” तुम्ही म्हणता. “खालचं घरच्या माणसाचं आहे.”

रेंजर वही मिटतो आणि बंगल्याच्या भाड्याचे पैसे मोजून घेतो. पावतीवर मात्र एकच नाव पडतं. गाडीवानाने बैल जोडलेत. उतरण्याआधी चाकांच्या आसाला तेल लावायला त्याला एक आणा लागेल. तेवढी मोड काढून ठेवा.